तोकडी झील

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला मी कंपनीच्या कँटीनमधल्या डाळीत किती पाणी होतं तेही सांगतो, पण हे नाही. विषय निघत नाही म्हणावं, तर दर लग्नसराईत निघतो. कुणीतरी म्हणतंच — तुमच्या मामासारखा नाईक पुन्हा होणे नाही, बरं का. मी मान डोलावतो, समोरच्याला पान देतो आणि पाण्याच्या टँकरचं काहीतरी काढतो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. एकदम नाही जमणार — जरा लांबून येऊ द्या.

आम्ही गोंधळी. मूळचे मांजरा नदीच्या काठचे, आता चिंचवडशेजारी काळेवाडीत. पोटासाठी कंपनी आणि लग्नसराईत गोंधळ. नवरानवरी घरी आली की देवीच्या नावानं गोंधळ घालतात. आधी सगळ्या देवांना बोलावायचं आणि मग कथा लावायची. कथा सांगणारा तो नाईक. आमचा नाईक म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा धाकटा भाऊ. पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात तुणतुणं आणि ओठावर मिशी. त्या मिशीला तो निघण्याआधी आरशासमोर इतका वेळ द्यायचा की मामी विचारायची, लग्न नक्की कुणाचंय?

मामाची कथा म्हणजे रायाजीची. रायाजी कोण, कुठला, खरा होता की नव्हता — मला विचारू नका. एक शूर गडी, त्याची निळी घोडी, त्याची म्हातारी आई आणि आईला दिलेला शब्द. एवढ्यावर मामा उजाडेपर्यंत माणसं बसवून ठेवायचा. रायाजीचं नाव तो कधी उघडंबोडकं घ्यायचा नाही. ओळीत जागा थोडी असली तर नुसता ‘रायाजी गडी’. जरा जास्त असली तर ‘निळ्या घोडीचा रायाजी’. आणि दम घ्यायचा असला, पुढचं सुचायचं असलं, तर सगळा लवाजमा — ‘भामेकाठचा, निळ्या घोडीचा, एकवचनी रायाजी’. गावाकडे हाच रायाजी मांजरेकाठचा होता. आम्ही इकडे आलो तसा तोही आला. चाकणकडच्या घरी भामेकाठचा, चिंचवडात पवनेकाठचा. आळंदीच्या बाजूला गेलो की इंद्रायणी आडवी यायची, ती मापात बसायची नाही. मग मामा ‘एकवचनी’ गाळून टाकायचा. नदी बदलायची, माप बदलू द्यायचं नाही. हे त्याला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही.

आणि समोर माणसं कोण आहेत ते बघून कथा वळायची. कामगारांच्या चाळीत गोंधळ असला की शत्रूच्या किल्ल्याच्या दारावर शिपाई उभा राहायचा आणि रायाजीला म्हणायचा, गेटपास दाखव. हसून हसून बायका पदर तोंडाला लावायच्या. एकदा चाकणजवळ एका जुन्या शेतकरी घरात गोंधळ होता. रान सगळं कंपन्यांत गेलेलं, दारात दोन गाड्या. मामानं त्या दिवशी रायाजीच्या आईला तिच्या गेलेल्या रानाच्या बांधावर उभं केलं आणि तिला प्रत्येक झाडाचं नाव घ्यायला लावलं. हे आधी कथेत कधीच नव्हतं. घरातली म्हातारी ऐकता ऐकता उठली आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारायला लागली, “आमच्या बांधावरच्या जांभळीचं ह्येला कुणी सांगितलं रं? आमी तर न्हाई सांगितलं.” कुणीच सांगितलं नव्हतं. ओळीत तीन अक्षरांचं झाड हवं होतं, एवढंच.

आता झीलीचं सांगतो. तिथेच यायचंय मला.

नाईक ओळ म्हणतो, आणि ओळ संपली की मागचे साथीदार सूर उचलतात — ‘हो जी जी जी’. ती झील. ऐकणाऱ्याला वाटतं ही गाण्याची शोभा. शोभा आहेच, पण तेवढीच नाही. झील चालू असते तेवढ्यात नाईक पुढची ओळ जुळवतो. झील एका आवर्तनाची. पण नाईकाला वेळ हवा असला की तो खूण करतो. मामाची खूण म्हणजे तुणतुण्याच्या भोपळ्यावर अंगठा वाजवणं. शेजारी उभा असेल त्यालाच कळावं इतकं हळू. अंगठा वाजला की मी झील लांबवायची. दोन आवर्तनं, तीन, लागतील तितकी, त्याचा अंगठा थांबेपर्यंत. लोकांना वाटायचं गाणारे रंगात आलेत. मामा म्हणायचा, “तू झील धर, मी वाट काढतो. झील तुटली की गडी पडला.” पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. बाकी काही त्यानं शिकवलं असं नाही.

मी चाकणला एका कंपनीत, प्रेस शॉपमध्ये. माझं काम पार्ट तपासायचं — गेज लावायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर लाल पेटीत, रिजेक्ट. सकाळचा पहिला पार्ट आणि शिफ्टचा शेवटचा पार्ट यांत केसाचाही फरक नको. वर्षानुवर्षं हे केलं की माणसाची नजरच तशी होते. मला मामाचं ते बदलत राहणं खटकायला लागलं. काल आईनं रायाजीला फेटा बांधला, आज मुंडासं? काल घोडी नदीत थांबली, आज काठावर? चूक आहे ही, असं मला मनापासून वाटायचं. मग मी काय केलं — एका गोंधळात फोनवर अख्खा रायाजी रेकॉर्ड केला आणि मशीनच्या आवाजात कानात घालून पाठ केला. अक्षर न् अक्षर, मामाच्या खोकल्यासकट म्हणा ना. मला अभिमान होता त्याचा. का नसावा?

अशात केतकी मॅडम आल्या. पुण्याला प्राचीन ग्रीक काव्य शिकवायच्या. कुणाच्यातरी लग्नात त्यांनी मामाला ऐकलं आणि पत्ता शोधत काळेवाडीत आल्या. मामीनं स्टीलच्या पेल्यात चहा दिला, तो हातात तसाच धरून त्या बोलत राहिल्या, चहा थंड झाला. त्यांचं म्हणणं असं, की फार जुन्या काळी तिकडेही असेच गाणारे होते. हातात तारांचं वाद्य, समोर जेवून तृप्त बसलेली मंडळी, आणि युद्धाच्या, घरी परतण्याच्या कथा, अनेक दिवस चालणाऱ्या. पुढे त्यांची पुस्तकं झाली, आणि पंडित शेकडो वर्षं डोकं खाजवत बसले की एवढं कुणी पाठ कसं केलं असेल? मग कुणाच्यातरी लक्षात आलं की त्या काव्यांत प्रत्येक वीराच्या नावाला जोडून ठरलेली विशेषणं येतात, आणि ती मापाची असतात — जागा थोडी तर आखूड, जागा मोठी तर लांब. म्हणजे पाठ नव्हतंच ते. गाता गाता, उभ्याउभ्या, तयार तुकड्यांतून रचत होते. “तुमच्या रायाजीसारखं,” मॅडम म्हणाल्या.

मला आठवतंय, माझ्या अंगावर काटा आला होता. आमचा काळेवाडीचा मामा, ज्याला सही करताना घाम फुटायचा, तो कुठल्या माणसांच्या पंगतीला जाऊन बसला! मामाला मात्र पंडितांशी घेणंदेणं नव्हतं. त्यानं विचारलं, त्यांचा गडी जातो कुठं? मॅडम म्हणाल्या, समुद्रावरून घरी परत जातो, वर्षंच्या वर्षं लागतात. “घोडी न्हाई त्येच्याकडं?” मॅडम हसल्या, म्हणाल्या, जहाज असतं. “हं,” मामा म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवला.

पुढे दोन लग्नांत मामाला रेकॉर्ड करून मॅडम पुन्हा घरी आल्या, तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, तुम्ही प्रत्येक वेळी तीच कथा सांगता का? मामा जवळजवळ दुखावला. “शब्दाला शब्द तीच. एक शब्द हिकडचा तिकडं व्हायाचा न्हाई.” त्यांनी दोन वेळचं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी लावून बघितलं होतं, एक ओळ धड जुळत नव्हती. पण त्या खूश झाल्या. म्हणाल्या, जगात जिथं जिथं असे गाणारे सापडलेत तिथं ते हेच सांगतात. त्यांचा शब्द म्हणजे अक्षरं नव्हेत. मामाचा शब्द म्हणजे काय, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. रायाजीनं आईला दिला तो शब्द. तो त्यानं कधी मोडला नाही, कुठल्याच घरी.

पण मी तिथे अक्कल पाजळली. म्हणालो, मॅडम, मला मात्र खरंच शब्दाला शब्द येतं. आणि सुरू केलं. एका दमात पहिला भाग म्हणून दाखवला. मॅडमबरोबर त्यांचे विद्यार्थी होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मामानं टाळ्या थांबू दिल्या आणि मग म्हणाला, “ह्यो आमची कॅसेट हाय, बाई. बटन दाबलं की वाजतो. मदीच थांबवलं तर पुन्ना पयल्यापासनं.” सगळे हसले. मामी हसली. मीही हसलो — काय करणार? त्या दिवसापासून भावकीत माझं नाव कॅसेट पडलं. संबळ वाजवणारा माझा चुलतभाऊ तर फोनवर सुद्धा हॅलोऐवजी कॅसेट म्हणायचा. मामाच्या मनात काही नव्हतं, तो सगळ्यांनाच नावं ठेवायचा. पण मला ते लागलं. सांगून टाकतो, फार लागलं.

मॅडमना तिसरं रेकॉर्डिंग हवं होतं, लोकांसमोर. त्यांच्याकडे परदेशातून एक वयस्कर अभ्यासक आले होते; त्यांचं मत असं की असं गाता गाता रचणं आता कुठं उरलेलं नाही, जे आहे ते सगळं घोकलेलं. मॅडमना त्यांना दाखवायचं होतं की आहे, जिवंत आहे, इथे तासाभराच्या अंतरावर आहे. दापोडीत एका शाळेचा हॉल मिळाला. दिवस गुरुवारचा, कारण आम्हा सगळ्यांची कंपनीची सुट्टी गुरुवारी. भर दुपार. बाहेर रेल्वेचा खडखडाट, खिडक्या लावून घेतलेल्या. मामानं डब्यातून धपाटी आणली होती, ती आम्ही हॉलच्या पायरीवर बसून खाल्ली. लसणाची चटणी होती. मामानं त्याच्या वाटणीची चटणी मला दिली, मला आवडते म्हणून. हे मी कशाला सांगतोय? सांगायला हवं म्हणून सांगतोय.

कथा छान लागली होती. रायाजीला आईनं फेटा बांधला. मग मामानं एकदा हॉलभर नजर फिरवली. समोर मॅडम, ते पाहुणे, विद्यार्थी. मिशीखाली हसला तो. मी ते हसू ओळखून होतो; आता काहीतरी काढणार. आणि त्यानं ओळ टाकली —

‘पाण्याला पाणी लागलं, काठ दिसंना डोळ्याला,
निळ्या घोडीचा रायाजी चढला गलबताला.’

समुद्र! ज्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता तो मांजरेकाठचा माणूस रायाजीला समुद्रावर घेऊन निघाला होता. मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. घोडीचं काय केलं असेल? तीही चढली असेल का? आईला दिलेला शब्द पाण्यावर कसा पाळायचा? मामालाही ठाऊक नव्हतं. त्याला वेळ हवा होता. आम्ही झील उचलली, आणि माझ्या कानाशी भोपळ्यावर अंगठा वाजायला लागला.

मला ऐकू आलं. स्पष्ट.

एक आवर्तन झालं आणि मी तोंड मिटलं.

माझ्यामागे संबळ थांबला. चुलतभावाची झीलही थांबली, दोन्ही माझ्यावरच चालायचं. मामाचा अंगठा तेवढा वाजत राहिला — थोडा वेळ — आणि मग तोही थांबला. मामानं माझ्याकडे पाहिलं नाही. तोंड उघडं, ओळ नाही. त्या क्षणी मी मनात काय म्हणत होतो सांगू? म्हणत होतो, कोण कॅसेट आता? मधेच थांबवलं तर कोण अडकतं?

मॅडम उठून जवळ आल्या, हळूच विचारलं, काय झालं? मला अजूनही सावरता आलं असतं. घसा धरला म्हणायचं आणि झील पुन्हा उचलायची, मामा क्षणात वर आला असता. मी म्हणालो, “हल्ली विसरतात ते.” मामानं ते ऐकलं. तो हसल्यासारखं करून म्हणाला, “वय झालं, बाई.” पन्नाशी नुकतीच उलटली होती त्याची.

मग मी पुढे झालो. फेटा बांधल्यापासून, पाठ केलेलं, भामेच्या काठानं. गलबत गेलं. मामा मागे सरकून माझ्या जागी उभा राहिला आणि त्यानं झील धरली. आता ऐका. मधे एके ठिकाणी मी विसरलो. पाठ केलेल्या माणसाचं असंच असतं, एक ओळ निसटली की पुढची सगळी निसटते. मी खूण केली नाही, मला खूण करायचीही लाज वाटत होती. पण मामानं झील सोडली नाही. दोन आवर्तनं, तीन, चार, आवाज चढवत, जणू रंगात आलाय असा. माझी ओळ मला सापडेपर्यंत. टाळ्या त्या जागी सगळ्यांत जास्त पडल्या.

परतीच्या बसमध्ये त्यानं शेंगा घेतल्या आणि अर्ध्या माझ्या हातावर ओतल्या. काळेवाडीला उतरताना एवढंच म्हणाला, “झील जरा तोकडी पडली तुझी.” धाकट्याची विजार तोकडी झाली म्हणावं तसं. मी म्हटलं, व्हय मामा. आणि संपलं. चिडला असता तर? आईला सांगितलं असतं तर? मी काय केलं असतं कुणास ठाऊक. तो चिडला नाही.

काही महिन्यांनी मॅडमनी आम्हाला त्यांच्या भाषणाला बोलावलं. मामा आला नाही, मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसलो. मॅडम म्हणाल्या की आपला अंदाज चुकला होता. ग्रीकांच्या गाण्यासारखं काही इथं असेल असं वाटलं होतं, पण थोरल्या गायकाच्या आवृत्त्या वेगळ्या निघाल्या त्या विस्मरणामुळं, खरी परंपरा पाठांतराची आहे आणि ती धाकट्यानं जपली आहे. मग माझ्याकडे बघून विचारलं, बरोबर आहे ना? ते पाहुणेही बघत होते. मी मान डोलावली. वर, हात जोडून नमस्कारही केला.

त्यानंतर मामानं रायाजी पुढे उभं राहून कधी लावला नाही. म्हणायचा, आता तू म्होरं हो. मी झालो. तो मागे झील धरायचा. गावची मंडळी म्हणायची, मामानं भाच्याला गादी दिली, केवढं मन! मला अजून आठवतात ती लग्नं — ज्वारीच्या धाटांचा चौक, तेलात भिजलेल्या दिवटीचा वास, पहाटे मिळणारा गुळाचा चहा, आणि मागून मामाचा आवाज. तेव्हाचं सगळं मला हवंसं वाटतं. पण चाळीत आता गेटपास मागणारा शिपाई नव्हता. कुणाच्या बांधावर कुठलं झाड उभं राहत नव्हतं. सगळीकडे भामाच वाहायची, अगदी पवनेच्या काठावरच्या घरात सुद्धा. माझ्या पाठांतरात तीच होती. लोक म्हणायचे, छान झालं. आणि उजाडायच्या आत उठून जायचे.

मागच्या वर्षी मामा गेला. जाण्याआधी काही महिने अंथरुणावर होता, अर्धं अंग गेलेलं, बोलणं तुटक. मी सुट्टीच्या दुपारी जाऊन बसायचो. अशाच एका गुरुवारी मामी गिरणीत गेली होती. मामानं डोळे उघडले आणि म्हणाला, “म्हन.” काय म्हणू, मी विचारलं. त्यानं बराच वेळ ओठ जुळवले आणि मग जवळजवळ सुरात म्हणाला — पाण्याला पाणी लागलं, काठ दिसंना डोळ्याला.

इतक्या वर्षांत ती ओळ कुणी उच्चारली नव्हती. मी उच्चारली नाही, त्यानंही नाही. मी मान खाली घालून दुसरी ओळ म्हटली, रायाजी गलबतावर चढला. आणि मामानं झील धरली. आवाज नव्हताच, नुसता श्वास — जी जी जी — आणि धडधाकट हाताचा अंगठा खाटेच्या लोखंडी नळीवर. एक आवर्तन. दुसरं. तो थांबत नव्हता. खूण करणारा तोच आणि झील धरणाराही तोच, माझ्यासाठी. मला लागेल तेवढा वेळ देत होता. मी शोधलं. खरंच शोधलं. घोडीला गलबतावर चढवायची की काठावर ठेवायची, आई कुठं उभी असेल, पाण्याचा रंग कसा असेल. एक शब्द आला नाही. त्याला धाप लागली तरी अंगठा चालूच.

शेवटी मी म्हटलं — भामेकाठचा, निळ्या घोडीचा, एकवचनी रायाजी. पाठ होतं ते.

अंगठा थांबला. “बरं,” मामा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

ते गलबत कुठं निघालं होतं, मला माहीत नाही.